मालवणची घरगुती खानावळ आणि रक्तदाबाचे पथ्य

मालवण बंदराजवळच्या या खानावळीत बांगड्याची थाळी उत्तम मिळते. मात्र उच्च रक्तदाब असणाऱ्याने ती जशीच्या तशी स्वीकारू नये. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि इथे सुक्या सुंगटांची किसमूर (सुक्या कोलंबीची ओले खोबरे घातलेली कोशिंबीर), पापड, लोणचे असे सारे खारट पदार्थ एकाच ताटात येतात. सोलकढीही निर्दोष नाही, कारण कोकमाच्या आगळातच, म्हणजे घट्ट रसातच, मीठ मुरलेले असते. आधी सांगितल्यास मालकीणबाई ताजा बांगडा लिंबू, हळद, मिरपूड लावून तव्यावर भाजून देतात. तो चवीला अजिबात आजारी माणसाचा वाटत नाही. रविवारी मात्र वाटण सकाळीच मिठासह तयार होते, त्यामुळे फरमाईश आदल्या दिवशीच कळवावी.