फरशी आमची, खरेदीखत दुसऱ्याचं

जुना वन बीएचके घ्यायचा, आतून नवा करायचा आणि विकून टाकायचा, हा उद्योग पुण्यात हल्ली बरेच जण नोकरी सांभाळून करू बघतात. बिबवेवाडी, सहकारनगर, धनकवडी इकडे लिफ्ट नसलेल्या जुन्या सोसायट्या भरपूर आहेत. आतली अवस्था बघून गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं, म्हणून भाव पडलेला असतो. मी आणि माझा मावसभाऊ याच हिशोबाने उतरलो होतो. आम्हाला लुटणाऱ्यांची नावं वकिलांच्या सांगण्यावरून लिहीत नाही, पण पद्धत पूर्ण सांगतो, कारण तीच पद्धत इतरांवरही वापरली जाते.

एजंटने दाखवलेला फ्लॅट बिबवेवाडीतला, तिसऱ्या मजल्यावरचा. भाव 38 लाख. दुरुस्तीला साडेपाच, विक्री 48 ला, म्हणजे साडेचार लाख सुटणार. हे त्याने वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडून दाखवलं. मुद्रांक शुल्काचं विचारलं तर हसला. "दादा, दोनदा कशाला भरताय सरकारला? मालकाशी नोटरी करून घ्या, चार लाख आगाऊ विसार द्या, किल्ली घ्या, काम करा. गिऱ्हाईक मिळालं की मालक थेट त्याच्या नावाने खरेदीखत करून देईल. वरचे पैसे तुमचे. सगळे असंच करतात."

ही अख्खी फसवणूक या शेवटच्या दोन वाक्यांत आहे.

38 लाखांवर पुण्यात 7 टक्के शुल्क, म्हणजे 2 लाख 66 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजार. झाले 2 लाख 96 हजार. साडेचारातून ते वजा केले की दीड उरतो. घेताना आणि विकताना एजंटचा एकेक टक्का, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क (महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25 हजार) हेही काढलं तर हातात साधारण 43 हजार राहतात, आणि त्यातून मेंटेनन्स, वीजबिल आणि कर्जाचं व्याज अजून जायचंय. शिवाय 24 महिन्यांच्या आत विकलं तर जो नफा होईल तो अल्पमुदतीचा, त्यावर आपल्या स्लॅबप्रमाणे कर. थोडक्यात, एजंटने दाखवलेला नफा म्हणजे बव्हंशी न भरलेलं मुद्रांक शुल्कच होतं. दुरुस्तीतून पैसे मिळतच नाहीत असं मी म्हणत नाही, पण ते खरेदीच्या भावात मिळतात. 38 चा फ्लॅट 34 ला पाडून घेता आला तरच गणित बसतं.

तर आम्ही समजुतीचा करारनामा केला. 500 रुपयांचा मुद्रांक, नोटरीचा शिक्का, मुदत तीन महिने. मुदतीत उरलेली रक्कम दिली नाही तर विसार जप्त, असं कलम होतं. मालक अगदी साधा माणूस, चहा स्वतः करून देणारा. "मुदतीचं काय घेऊन बसलात, आपण घरचेच," हे त्याचं वाक्य. ते प्रत्येक वेळी फोनवर किंवा समोरासमोर, व्हॉट्सॲपवर मात्र एकदाही नाही.

ठेकेदार एजंटनेच दिला. पहिल्या आठवड्यात त्याने जोरात तोडफोड केली. बाथरूमची फरशी, ओट्याचा कडप्पा, जुनी वायरिंग, सगळं उखडलं आणि राडारोडा खाली पार्किंगमध्ये रचला. सोसायटीचे सेक्रेटरी काका चिडले, अनामत वाढवून मागितली. मग गवंडी गावाला गेला. तो आला तर प्लंबर नाही. टाइल्स आल्या त्या वेगळ्याच शेडच्या, परत पाठवल्या. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं आणि खालच्या मजल्यावर गळती निघाली, म्हणून पुन्हा फोडलं. अशी कामं रखडतातच, त्यामुळे यात कुणालाच काही वावगं वाटलं नसतं. पण या रखडण्यातच मुदत संपत होती. ठेकेदार एजंटचा साडू आहे हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं.

मुदत उलटली तरी मालक काही बोलला नाही. उलट काम संपेपर्यंत त्याने छान धीर दिला. रंगाचा शेवटचा हात झाला, मॉड्युलर किचन बसलं आणि एजंट दुसऱ्या किल्लीने गिऱ्हाइकं आणू लागला. एक कुटुंब दोनदा येऊन गेलं. एजंट आम्हाला म्हणाला, "फार घासाघीस करतायत, सोडा त्यांना." पुढे महिनाभर शांतता. मग एक दिवस सेक्रेटरी काकांचा फोन आला, नवीन मालक आलेत, तुमचे रंगाचे डबे आणि शिडी उचला.

ते तेच कुटुंब. 46 लाखांना हवेलीच्या दुय्यम निबंधकांकडे रीतसर नोंदणी केलेलं खरेदीखत त्यांच्या हातात होतं, गृहकर्जही मंजूर झालेलं. त्यांना मी दोष देत नाही. बँकेच्या वकिलाने सर्च घेतला, म्हणजे फ्लॅटचे आधीचे नोंदलेले व्यवहार तपासले, तो स्वच्छ निघाला, कारण आमचा कागद नोटरीच्या रजिस्टरपलीकडे कुठे नोंदलेलाच नव्हता. जाताना वॉचमन सहज बोलून गेला, "मागं पण एकांनी गॅलरीला ग्रिल करून दिलं होतं ना, त्यांचं काय झालं?"

मालकाच्या वकिलाचं उत्तर दोन परिच्छेदांचं आलं. मुदत संपली, विसार जप्त, दुरुस्ती तुम्ही स्वखुशीने केली. पोलीस चौकीत सांगितलं गेलं की हा दिवाणी वाद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा लावायचा तर सुरुवातीपासून हेतू खोटा होता हे दिसावं लागतं, आणि नुसता करार मोडणं म्हणजे फसवणूक नव्हे. त्या आधीच्या ग्रिलवाल्या गृहस्थांना आम्ही शोधून काढलं ते यासाठीच. त्यांची नोटरी आणि आमची नोटरी शेजारी ठेवली तर कलमं शब्दाला शब्द सारखी आहेत.

वकिलांनी जे समजावलं ते एजंटच्या वहीत कुठेच नव्हतं. ताबा घेऊन पैसे दिले की घरावर थोडा तरी हक्क येतो, असा समज सर्रास आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53अ मध्ये तसं संरक्षण आहेही, पण 2001 च्या दुरुस्तीनंतर करार नोंदवलेला असेल तरच. आणि ज्या शुल्कापायी हा खटाटोप, ते वाचतच नाही. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात ताब्यासह केलेला विक्रीचा करार खरेदीखतच धरला जातो आणि त्यावर पूर्ण शुल्क लागतं. ते भरलेलं नसेल तर न्यायालय कागद पुराव्यात घेत नाही. घ्यायला लावायचा तर तुटीचं शुल्क अधिक दरमहा 2 टक्के दंड. म्हणजे लुटले गेलो ते सिद्ध करायलाही आधी तेच 2 लाख 66 हजार मोजा!

विसाराचे चार लाख आम्ही बँकेतून दिले होते, त्यामुळे ते नाकारता येत नाहीत. एजंटने त्यातले दीड लाख रोख मागितले होते. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख विसार घेणंच आयकर कायद्यात बसत नाही, हे मावसभावाला ऑफिसातल्या सीएने सांगितलं म्हणून ती रक्कम वाचली. ठेकेदाराचे पैसे मात्र बरेचसे रोखीतच गेले. टाइल्स आणि किचनची बिलं आमच्या नावावर आहेत, ती दाव्यात लावली आहेत. दावा चालू आहे. फ्लॅट परत मिळणार नाही हे आम्हीही आता धरून चाललोय, मागणी पैशांची आहे.

कुणी अशाच कागदावर सही करून आत्ता काम चालू ठेवलं असेल, तर आधी काम थांबवा. मुदत वाढवल्याचं मालकाकडून लेखी घ्या, दोघांच्या सह्यांनी. तो तयार असेल तर शुल्क भरून साठेखत (विक्रीचा करार) नोंदवा, म्हणजे पुढच्या माणसाच्या सर्चमध्ये तुमचं नाव येईल. तयार नसेल तर तेवढ्यावरून काय ते समजा, आणि वकिलामार्फत नोटीस मुदत संपायच्या आत पाठवा, नंतर नाही. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च मोफत आहे, तिथे त्या फ्लॅटची सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) अधूनमधून बघत राहा. दुसरी किल्ली एजंटकडे असेल तर आज संध्याकाळीच कुलूप बदला.