कांचीपुरम: कैलासनाथर की एकाम्बरेश्वर?

कांचीपुरमला एकच सकाळ हाताशी असेल, तर इथल्या या दोन शिवमंदिरांपैकी मी कैलासनाथर म्हणेन. आठव्या शतकाच्या सुरुवातीचं, पल्लव राजा राजसिंहाचं, वालुकाश्मातलं. आवाराच्या भिंतीलगत 58 चिमुकली देवळं. काही कोनाड्यांत जुन्या रंगाचे पोपडे अजून दिसतात. गाभाऱ्याभोवतीच्या चिंचोळ्या बोळात शिरायला अक्षरशः रांगावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर प्रदक्षिणेचा नाद सोडा!

एकाम्बरेश्वर म्हणजे नांदतं, गजबजलेलं देऊळ. कृष्णदेवरायाच्या काळातलं, 1509 चं गोपुर मान दुखेस्तोवर बघावं. पंचमहाभूतांच्या पाच शिवलिंगांपैकी पृथ्वीलिंग इथलं. मातीचं, म्हणून त्यावर पाण्याचा अभिषेक नाही.

दुपारी दारं बंद असतात. चपला बाहेरच, तेव्हा फरशी तापायच्या आत उरका.