बाससाठी कोपॉलिमर लाइन: फ्लोरोक्लिअर, हायब्रिड की सीएक्सएक्स?

लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या अमेरिकी माशासाठी रॉड एकच आणि गळाची लाइनही एकच घ्यायची असेल, तर १२ पाउंडाची (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) कोपॉलिमर घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत. त्यातली कोणती, हे मात्र पाण्यावर ठरतं. पाण्यात लाकूड आणि दगड असतील तर यो-झुरीची हायब्रिड. पाणी मोकळं आणि नितळ असेल तर पी-लाइनची फ्लोरोक्लिअर. पी-लाइनचीच सीएक्सएक्स ही तिसरी, तिचं काम वेगळं आहे आणि ते पुढे येईलच. डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्कवर किंवा न्यू जर्सीत लेक हॉपॅटकाँगवर सुटीच्या दिवशी गरवायला जाणाऱ्यांसाठी या तीन लाइनींचा विचार पुरेसा आहे.

कोकणात आपण ज्याला तंगूस म्हणतो त्याच जातीची ही लाइन, फक्त घडण थोडी निराळी. साध्या मोनोफिलामेंटमध्ये बहुधा एकाच प्रकारचं नायलॉन असतं. कोपॉलिमरमध्ये दोन किंवा जास्त घटक एकत्र करून त्यांचा एकच धागा ओढतात. मऊ नायलॉन गाठीला चांगलं, कडक नायलॉन घासण्याला चांगलं. दोन्ही गुण एका धाग्यात आणायचे, हा त्यामागचा हिशेब. चांगली कोपॉलिमर साध्या मोनोपेक्षा कमी लांबते, लवकर सोलत नाही आणि रिळावर राहून वेटोळं धरण्याची तिची खोडही कमी असते.

दुकानात सगळ्यात मोठी गफलत होते ती ‘फ्लोरोकार्बन’ या शब्दाने. फ्लोरोक्लिअरच्या डबीवर तो शब्द आहे, पण तो वरच्या लेपापुरता. आतला धागा नायलॉनचाच. ही लबाडी नव्हे, डबीवर तसं लिहिलेलंही असतं. वाचायचं राहून जातं एवढंच. शंका असेल तर घरी पाहून घ्या. लाइनचा दोन इंच तुकडा कापून काचेच्या पेल्यात टाका आणि बोटाने पाण्याखाली दाबा, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून तरंगणार नाही. शुद्ध फ्लोरोकार्बन सरळ तळाला जाईल, कारण त्याची घनता पाण्याच्या पावणेदोन पटींहून जास्त आहे. नायलॉनची घनता पाण्यापेक्षा किंचितच अधिक, त्यामुळे तो तुकडा रेंगाळत, तिरका होत खाली उतरेल. या रेंगाळण्यातच कोपॉलिमरचा मोठा उपयोग आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर चालवायचं पॉपरसारखं आमिष फ्लोरोकार्बनवर बांधलं, तर बुडणारी लाइन त्याचं नाक खाली ओढते आणि ‘बुडुक’ असा आवाज करण्याऐवजी ते मान घालून सरकत राहतं. कोपॉलिमरवर तेच आमिष डोकं वर ठेवून चालतं.

दुसरी गफलत पाउंडाची. डबीवरचा १२ पाउंड हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात व्यास दिलेला असतो, इंचात किंवा मिलिमीटरमध्ये. खरेदी त्या आकड्यावर करा. १२ पाउंडाची हायब्रिड १२ पाउंडाच्या फ्लोरोक्लिअरपेक्षा जाड आहे आणि लिहिलेल्या आकड्याच्या बरीच वर जाऊन तुटते. सीएक्सएक्सचंही तसंच. जाडी जास्त असली की लाइन बळकट वाटणारच, त्यात चमत्कार नाही. पण ज्याने पाउंड बघून रीळ भरलं त्याच्या रिळावर लाइन कमी मावते, फेक आखूड पडते आणि क्रँकबेट (ओढलं की पाण्यात खोल जाणारं कडक आमिष) हवं तितकं खोल जात नाही. पाण्यातून ओढताना जाड लाइनला रोध जास्त होतो. त्यामुळे १० फूट खोल चालायला बनवलेलं आमिष जाड लाइनवर तिथवर पोचतच नाही आणि तळाशी बसलेल्या माशाच्या डोक्यावरून निघून जातं. सोपा उपाय असा की हायब्रिड घेताना नेहमीच्या अंदाजापेक्षा एक पायरी खालची घ्या. १२ च्या जागी १० चालते.

आता एकेक करून.

फ्लोरोक्लिअर तिघींत सगळ्यात मऊ. स्पिनिंग रिळावर (रॉडखाली लटकणारं, स्थिर स्पूलचं रीळ) बसवायला ही उत्तम. ८ पाउंडाची लाइन, २५०० मापाचं रीळ आणि वॅकी पद्धतीने मधोमध गळ टोचलेला मऊ प्लॅस्टिकचा किडा, ही जोडी नवशिक्याच्याही हातात पहिल्या दिवशी चालते. फेकताना वेटोळी सुटून रॉडच्या पहिल्या रिंगेत अडकत नाहीत. ३०० यार्डांची डबी चांगल्या फ्लोरोकार्बनच्या २०० यार्डांपेक्षाही स्वस्त पडते. उणीव म्हणजे लाकडावर घासली की ती लवकर खरखरीत होते. बुडालेल्या झाडांत हिच्या भरवशावर राहू नये.

हायब्रिडबद्दल कंपनीचं म्हणणं असं की इथे फ्लोरोकार्बनचा लेप दिलेला नसून नायलॉन आणि फ्लोरोकार्बन घडवतानाच एकजीव केले आहेत. हातात घेतल्यावर ती फ्लोरोक्लिअरपेक्षा ताठ लागते, हे खरं. हा ताठपणा बेटकास्टरवर (रॉडच्या वर बसणारं, फिरत्या स्पूलचं रीळ) खपून जातो, लहान स्पिनिंग रिळावर त्रास देतो आणि थंडीत जास्तच देतो. मार्चमधल्या न्यू जर्सीच्या पाण्यावर हायब्रिडची वेटोळी स्प्रिंगसारखी उभी राहतात. पण लेक फोर्कसारख्या ठिकाणी हिला तोड नाही. १९८० मध्ये धरण अडवलं तेव्हा तिथली बरीच झाडं तशीच उभी ठेवली होती. सुमारे २७,००० एकरांच्या त्या पाण्यात आजही खोडं आणि बुंधे आहेत, आणि १९९२ चा टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पाउंडांचा, याच तलावातला. अशा पाण्यात मासा लागला की पहिल्यांदा खोडाला वळसा घालतो. तिथे लाइन सोलली न जाणं हेच सगळं काही. ६०० यार्डांची मोठी डबी घेतलीत तर वर्षभर चिंता नाही.

सीएक्सएक्स म्हणजे दांडगी लाइन. जाड, घासायला चिवट आणि वेटोळं धरणारी. १५ किंवा २० पाउंडाची सीएक्सएक्स जड स्पिनरबेटला (फिरत्या पात्याचं आमिष) आणि खडकाळ काठावर चालते. बाससाठी पहिली लाइन म्हणून ती घेऊ नये. तिच्या जोडीला रॉडही तसाच दणकट लागतो, आणि नाजूक आमिष तिच्यावर मेल्यासारखं चालतं.

बास हे नाव ऐकून रायगड-रत्नागिरीकडच्या वाचकाला जिताडा आठवेल. तो आशियाई सी बास, त्याचं कुळ वेगळं. लार्जमाउथ हा सनफिश कुळातला, गोड्या पाण्यातला अमेरिकी मासा. लाइनच्या दृष्टीने फरक मोठा आहे. जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी कापते, म्हणून त्याला जाड लीडर (गळाजवळ जोडलेला वेगळा तुकडा) लावावाच लागतो. लार्जमाउथचे दात पॉलिश पेपरसारखे, ते कापत नाहीत, घासतात. अंगठा त्याच्या खालच्या ओठात घालून चार मासे धरले की अंगठ्याची कातडी खरखरीत होते. गळाजवळच्या लाइनीचंही नेमकं तेच होतं. म्हणून प्रत्येक चांगल्या माशानंतर शेवटची दोन-तीन फूट लाइन नखावरून ओढून पाहावी आणि कुठेही खरखर लागली की तेवढी कापून गाठ पुन्हा मारावी.

कोपॉलिमर सगळ्यात शोभते ती ट्रेबल हुकच्या (तीन टोकांच्या गळाच्या) आमिषांवर: पॉपर, पृष्ठभागावर नागमोडी चालणारं स्पूक, चौकोनी ओठाचं स्क्वेअरबिल क्रँकबेट. बास बोटीजवळ येऊन उसळी मारतो, डोकं झटकतो. त्या झटक्यात न लांबणारी ब्रेड (तंतू विणून केलेली) लाइन लहान ट्रेबल हुक ओठातून फाडून काढते. कोपॉलिमर थोडी लांबते आणि झटका पिऊन टाकते. पृष्ठभागावरच्या आमिषाला १२ ते १५ पाउंड, लाकडाला धडकवायच्या स्क्वेअरबिलला १२ ते १५, खोल क्रँकबेटला १०. टेक्सास रिगला (वजन लावून, गळाचं टोक मऊ किड्यात लपवण्याची पद्धत) ती चालते, पण ३० फूट लांबच्या तळावर माशाने किडा हलकेच उचलला, हे फ्लोरोकार्बनवर जास्त स्पष्ट कळतं. पाणवेलींच्या जाड थरावर बेडकाच्या आकाराचं आमिष चालवायचं असेल किंवा हायड्रिला या दाट पाणवनस्पतीत जड वजनाने भोक पाडून आमिष सोडायचं असेल, तर कोपॉलिमरचं नावही काढू नका. तिथे ५० ते ६५ पाउंडांची ब्रेडच हवी. माशाबरोबर पाच-सात किलो ओली वनस्पती वर येते, आणि लांबणाऱ्या लाइनीने माशाचं तोंड वरच्या दिशेला वळवता येत नाही.

चांगली लाइन रीळ भरतानाच बिघडते, तक्रार मात्र लाइनीबद्दल होते. स्पिनिंग रिळासाठी लाइनची डबी जमिनीवर सपाट ठेवा, लेबल वर. बोटांत ओला फडका धरून त्यातून लाइन घट्ट ओढत १५-२० वेढे भरा आणि थांबा. लाइन सैल सोडा. तिने पीळ घेतला तर डबी उलटी करा आणि पुढे भरा. बेटकास्टरचं वेगळं: डबीच्या भोकात पेन्सिल घालून कुणाला तरी धरायला सांगा, म्हणजे डबी फिरेल आणि लाइन सरळ उतरेल. दोन्हीकडे कडेपासून सुमारे ३ मिलिमीटर जागा रिकामी ठेवा. काठोकाठ भरलेलं स्पिनिंग रीळ पहिल्याच फेकीला गुंत्याचा गोळा बाहेर टाकतं. बेटकास्टरवर १२/१२० असं लिहिलेलं असेल, तर त्यात १२ पाउंडाची लाइन १२० यार्ड मावते. सगळी नवी भरायची गरज नाही. खाली ५० यार्ड जुनी लाइन ठेवा, दुहेरी युनी गाठीने वर ७० यार्ड नवी जोडा. ३०० यार्डांच्या डबीतून असं चार वेळा रीळ भरता येतं.

गाठीला पालोमार सर्वांत खात्रीची. क्लिंच मारायची असेल तर १० पाउंडाला पाच वेढे. ओढण्याआधी गाठ ओली करा, थुंकीने किंवा तलावाच्या पाण्याने, आणि हळूहळू आवळा. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणाची उष्णता नायलॉनला तिथल्या तिथे भाजते. लेप असलेल्या लाइनीत हे जास्त दिसतं: गाठीच्या वर अर्धा इंच लाइन पांढुरकी आणि कुरळी होते. अशी गाठ तशीच पाण्यात सोडू नका, कापा.

मासा सुटला तर आधी तुटलेलं टोक डोळ्यांजवळ धरून पाहा. टोक डुकराच्या शेपटीसारखं पिळलेलं असेल, तर लाइन तुटलेली नाही, गाठ सरकली आहे. वेढे कमी पडले किंवा टोक फार आखूड कापलं. गाठीबाहेर २-३ मिलिमीटर टोक ठेवायला हवं. टोकाच्या वरचा भाग पांढरा आणि केसाळ दिसला, तर लाइन खोडावर किंवा दगडावर घासली. टोक सरळ आणि साफ तुटलेलं, वरची लाइनही गुळगुळीत, तर बहुतेक ड्रॅग (ताण वाढला की रिळातून लाइन सोडणारी यंत्रणा) जास्त आवळलेला होता. १२ पाउंडाच्या लाइनीवर ड्रॅग ३ ते ४ पाउंडांवर सुटला पाहिजे. अंदाजाने नको, स्प्रिंगचा काटा गळाला अडकवून ओढून पाहा. आणि लाइन पुन्हा पुन्हा रॉडच्या आसपासच तुटत असेल, तर कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक रिंगेच्या आतून फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे रिंगेला तडा आहे. तो तडा महागातली महाग लाइनही कापणार.

नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की त्याची ताकद थोडी उतरते. म्हणून कोरड्या लाइनवर घरी तपासलेली ताकद तलावावर तितकीच मिळेल असं समजू नये. पण याच गुणाचा एक फायदाही आहे. निघण्याआधी हायब्रिड भरलेलं स्पूल रिळातून काढून दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवलं, की वेटोळी बरीच सैल पडतात. थंडीत हे न चुकता करा. ऊन मात्र नायलॉनचा शत्रू. टेक्सासच्या उन्हाळ्यात गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेलं रीळ एका हंगामात ठिसूळ होतं. महिन्यातून दोन-तीनदा जाणाऱ्याने हंगामात एकदा वरचे ७० यार्ड बदलावेत, रोज जाणाऱ्याने महिन्या-दीड महिन्याने.

काढलेली लाइन काठावर टाकू नका. पक्ष्यांच्या पायांत ती अडकते आणि मग सुटत नाही. बोटीच्या रॅम्पपाशी बऱ्याच ठिकाणी वाकवलेल्या तोंडाची पांढरी पीव्हीसी नळी उभी केलेली असते. ती याच लाइनीसाठी आहे, मोनो आणि कोपॉलिमर दोन्ही त्यात चालतात. ब्रेड त्यात टाकायची नाही, तिचे बोटभर लांबीचे तुकडे करून घरच्या कचऱ्यात.