मिलिट्री डिस्पोजलची टाटा अडीच टनी (एलपीटीए ७१३) : अकरा वर्षं वापरल्यावर

परवा बार्शीकडचा एक पोरगा गाडी बघायला घरी आला होता, म्हणाला दादा डीलर सांगतोय फक्त २२ हजार किलोमीटर चाललीय, घेऊ का? फौजेनं वापरून लिलावात काढलेली ही गाडी म्हणजेच डिस्पोजलची. त्याला ओट्यावर बसवून तासभर जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण २०१४ ला मी घेतली तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं आणि मीपण त्याच आकड्याला भुललो होतो.

आमचं रान मोहोळ तालुक्यात सीनेकाठी. माती काळी, चिकट, थोडासा पाऊस झाला की चप्पल रानातच राहते आणि पाय तेवढा वर येतो. उन्हाळाभर आभाळाकडं बघायचं आणि परतीचा पाऊस आला की नेमका कांदा काढायच्या वेळेला रस्ता बंद. दरवर्षी टेम्पो अडकायचा, मग शेजारच्याचा ट्रॅक्टर, साखळी, आरडाओरडा, आणि सोलापूरच्या मार्केट यार्डात माल पोचेपर्यंत दर पडलेला. म्हणून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी गाडी पाहिजे होती, आणि आमच्या बजेटमध्ये फोर बाय फोर ट्रक म्हणजे मिलिट्रीचीच, दुसरं काही नाही.

शक्तिमान बघितली होती आधी. दिसायला राजा गाडी, पण ती जर्मनीच्या मान कंपनीच्या लायसनवर १९५९ पासून जबलपूरला बनत होती आणि १९९० च्या दशकात बंद झाली, पार्ट शोधत कुठं फिरायचं. निस्सान वनटन पेट्रोलवर, सहा सिलिंडर, जवळपास चार लिटरचं इंजिन, ते शेतकऱ्याला परवडत नाही. टाटाची अडीच टनी पण जबलपूरच्याच फॅक्टरीत जोडलेली, पण आत इंजिन ६९७, डिझेल, टर्बोवालं. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. हेच इंजिन टाटाच्या १६१३ मध्ये होतं, म्हणजे लायनर-पिस्टन, नोझल, गॅस्केट, पंपाचं काम, सगळं सोलापूरच्या हैदराबाद रोडच्या कुठल्याही मिस्त्रीला झोपेत येतं. पहिली मिलिट्री गाडी घेणार असाल तर ही एकच गोष्ट बघून गाडी ठरवा, की इंजिन आपल्या गावातला मिस्त्री उघडू शकतो का.

डीलर पुण्याकडचा. त्यानं लिलावातून लॉट उचलला होता, यार्डात नऊ गाड्या रांगेनं उभ्या. माझ्याबरोबर आमच्या गावचे हवालदार अण्णा होते, ईएमईतून, म्हणजे फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलातून रिटायर झालेले. मी टायरला लाथा मारत फिरत होतो आणि अण्णा नंबरप्लेटचा पुसलेला रंग ओल्या फडक्यानं घासत बसले होते. मिलिट्रीच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो, त्याच्या पुढचे दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत आली ते साल. आम्ही घेतली तिच्यावर बाणापुढं ०१ होतं. डीलर २००५ ची सांगत होता. अण्णा नुसते म्हणाले, "बाण खोटं बोलत नसतो." तिथंच ४० हजार कमी झाले. शेवटी ३ लाख ४० हजाराला ठरली.

आता त्या २२ हजार किलोमीटरचं. फौजेची गाडी कमी चालते हे खरंय, पण चालत नाही तेव्हा ती उभी असते, उन्हात, वर्षानुवर्षं. चेसिसच्या लोखंडाला काही होत नाही, आजपण वाजवला तर घंटेसारखा वाजतो. खर्च आला तो सगळा रबराचा आणि कागदाचा. इंजिनला पहिल्या वर्षी रुपया लागला नाही आणि तरी माझे १ लाख ६५ हजार गेले, ते कुठं गेले ते सांगतो.

गाडी घेऊन निघालो, इंदापूरच्या अलीकडं रेडिएटरचा खालचा होज फुटला. बाहेरून काळा कुळकुळीत होता, हातात घेतल्यावर शेवेसारखा तुटला. जवळच्या साइजचा होज कापून बसवला, टेंभुर्णीत वरचा पण बदलून टाकला आणि घरी आलो. मग आठवड्यात मागच्या चाकाची ऑइल सील गेली, ब्रेकच्या लायनरवर तेल. मग ब्रेकची एअर लाइन, रात्री हवेची टाकी फुल करून झोपायचं आणि सकाळी काटा शून्यावर. मग डिझेल टाकीत तळाला गंज आणि जुन्या डिझेलचा गाळ, मेणासारखा चिकट, त्यानं दोन फिल्टर एका दिवसात चोक केले. टाकी उतरवून धुतली, सगळे होज, सगळ्या सील, एअरच्या सगळ्या पाइपा एकदाच बदलल्या तेव्हा शांत झालो. मी हे चार महिन्यांत एक एक करून केलं म्हणून दुप्पट मजुरी गेली. तुम्ही गाडी आणल्या आणल्या एकदाच उतरवा सगळं, फुटायची वाट बघू नका.

टायरचं तर वेगळंच. नक्षी नव्यासारखी, मी खूश. अण्णांनी बाजूच्या भिंतीवर अंगठ्याचं नख दाबून दाखवलं, बारीक भेगा उघडल्या, वाळलेल्या ओढ्यासारख्या. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, ते वाचा, नक्षी बघू नका. आणि चाकाला लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी असेल तर हवा भरताना समोर उभं राहायचं नाही, रिंग नीट बसली नसली तर उडते आणि माणूस जागेवर जातो. आमच्या पंक्चरवाल्याकडं हवा भरताना चाक ठेवायचा लोखंडी पिंजरा नाही, तो चाक आडवं टाकून रिमला साखळ्या गुंडाळून लांबून भरतो, तेवढं तरी करायलाच लावा. अजून एक, रानाच्या बऱ्याच टायरची नक्षी एका दिशेची असते, असा टायर उलटा चढवला की चिखलात पकड कमी, पंक्चरवाला घाईत उलटा चढवतो, आपण टायरवरचा बाण बघून घ्यायचा.

कागद. इथं मी खरंच रडकुंडीला आलो होतो. मिलिट्रीची गाडी आरटीओच्या रेकॉर्डला नसतेच, त्यामुळं आपलं ते पहिलं रजिस्ट्रेशन. फॉर्म २० आपला अर्ज आणि त्याला जोडायला फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, तो पण ज्या खात्यानं गाडी काढली त्यांचा आणि ओरिजिनल, नियम ४७ मध्ये एक्स-आर्मी गाडीसाठी हे स्पष्ट लिहिलंय. डीलरनं मला झेरॉक्स दिली आणि म्हणाला चालतंय. नाही चालत. एका लॉटचे कागद एका फाइलीत होते आणि ती फाइल दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेली होती. त्यात त्याच्या बिलावर चेसिस नंबरातला ८ चा ३ झालेला. मी स्वतः चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासली, रंगाचा थर खरवडून परत घासली, तेव्हा ८ चं वरचं वेटोळं उमटलं. तो कागद घेऊन तीन वेळा पुण्याला गेलो. साडेचार महिने गाडी दारात उभी, कांद्याचा सीझन गेला, हप्ता चालू. ओरिजिनल फॉर्म २१ हातात आल्यावर मात्र सोलापूरचा एमएच-१३ चा नंबर पडायला त्रास झाला नाही. म्हणून सांगतो, ओरिजिनल हातात, त्याच्यावरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीशी स्वतः जुळवून बघितलेला, मग पैसे. डीलर कितीही गोड बोलू दे.

रंग पण बदलायला लागतो. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाडीला, नियम १२१. आम्ही मातकट पिवळा मारला. पोरांना हिरवाच पाहिजे असतो, फोटोला चांगला दिसतो म्हणून, पण नको त्या भानगडीत पडू नका.

आणि आज घेणाऱ्यासाठी एक मोठा फरक. माझ्या वेळी नव्हतं ते आता आहे. गाडीच्या धुराचे सरकारी निकष म्हणजे बीएस, त्यात एप्रिल २०१७ पासून बीएस-३ चं नवीन रजिस्ट्रेशन बंद झालं, एप्रिल २०२० पासून बीएस-४ चं, आणि एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्या स्क्रॅपला घालायचा नियम आला. लिलाव आता एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर ऑनलाइन होतात, तिथं लॉटच्या अटी शेवटपर्यंत वाचा, स्क्रॅप म्हणून विकलेली गाडी रस्त्यावर आणायची स्वप्नं बघून बोली लावू नका. माझं मत विचाराल तर पहिली गाडी आधीच सिव्हिल पासिंग झालेली, म्हणजे आरटीओत नंबर पडून आरसी असलेली घ्या, ५०-६० हजार जास्त गेले तरी. त्या बार्शीच्या पोराला पण हेच सांगितलं.

चालवायला कशी आहे? चिखलात हिच्यासारखी गाडी मी बघितली नाही. मागं जोडटायर नाहीत, एकएकच चाक, त्यामुळं मागचं चाक पुढच्याच चाकोरीत चालतं, नवीन चिखल फाडायला लागत नाही. लो गिअर टाकून क्लच सोडला की ॲक्सिलरेटरला पाय न लावता बांधावर चढते. डांबरी रस्त्यावर ५५-६० च्या वर मजा नाही, टायरचा घोंघाट एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलायचं, ॲव्हरेज मला साडेचार ते पाच, रानात तीनच्या खाली. सीट म्हणजे फळी. रोज भाडं मारायला ही गाडी नाही, हिशोबच बसणार नाही.

फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावायचं नाही, हे ड्रायव्हरला लिहून द्या. पुढची आणि मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात आणि मधे ते सोडवायला डिफरन्शियल नसतं, मग सगळा ताण शाफ्टवर आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर. आमचा पुतण्या रानातून निघाला आणि फोर बाय फोरचं लिव्हर काढायचं विसरून मोहोळपर्यंत तसाच गेला. नंतर लिव्हर निघेना, चौघं लोंबकळले. अण्णांनी गाडी रस्त्याच्या कडेला मातीवर घेतली, थोडी रिव्हर्स मारली, खट्ट करून निघालं. पण तेवढ्यात शाफ्टच्या जोडातला एक क्रॉस गेलाच.

लाइट २४ व्होल्टची, १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागं एक जोडलेल्या. टेप लावायला वायरमननं एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले. सहा महिन्यांत ती बॅटरी मेली, नवी टाकली तर दुसरी मेली. एक कायम उपाशी आणि दुसरीला कायम जास्त, मग दोन्ही टिकत नाहीत. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा, आणि बॅटऱ्या बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच मेकच्या.

वजन. २०१६ च्या उन्हाळ्यात डाळिंब जगवायला टाकी ठेवून पाणी ओढलं, दोन हजार लिटरची. पाण्याचं लिटर म्हणजे किलो, अडीच टनी गाडीत दोन टन बरोबर बसतं. सगळे म्हणत होते पाच हजारची ठेव, दिसतीय की केवढी दणकट. नाही ठेवली, म्हणून अकरा वर्षांत पाट्याचं एक पान तुटलेलं नाही. आमच्या ओळखीत एकानं ठेवली, त्याची गाडी आता मागून बसलेली आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला तेव्हा वस्त्यांवर चारा आणि पाण्याचे जार पोचवायला हीच गाडी होती, ट्रॅक्टरसुद्धा जात नव्हते तिथं. वाहत्या पाण्यात घातली नाही, साचलेल्यातून आठ दिवस काढली, हब बुडत होते. नंतर अण्णांनी मागच्या हाउसिंगचा, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचा नट सैल करायला लावला. तेल काळं यायला पाहिजे तर ताक आलं, पांढरं, फेसाळ. हाउसिंगवर छोटा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक असतं, ते चिखलानं बुजलं होतं. गरम हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असला की सीलमधून पाणी आत ओढून घेते. तसंच चालवलं असतं तर आतले गिअर, क्राउन-पिनियन, गेले असते. दोनदा तेल बदललं, ब्रीदरला रबरी नळी लावून चेसिसच्या वर नेली. नळी साठ रुपयांची. पाण्यात जायच्या आधीच हे करून घ्या.

मागच्या हाउसिंगवर पांढरा गोल रंगवलेला होता आणि वर एक छोटा बल्ब. ताफ्यात रात्री हेडलाइट बंद ठेवून जातात तेव्हा मागच्या ड्रायव्हरला तेवढा गोल दिसतो आणि तो त्याच्यामागं येत राहतो. रंगवाला तो गोल पुसणार होता, अण्णांनी पुसू दिला नाही, वायरिंग पण स्वतः परत केलं. पुराच्या त्या आठवड्यात वीज नव्हती, वस्तीवरून परत येताना रस्त्यावर आमच्या मागं एक ट्रॅक्टर लागला, त्याच्या दोन्ही लाइट गेलेल्या. अण्णांनी खाली उतरून त्याला सांगितलं, गोल बघत ये, गोल थांबला की थांब. गावात पोचल्यावर अण्णांनी फडकं घेऊन त्या गोलावरचा चिखल पुसला आणि मग घरी गेले.