एम३५ए२ ट्रक: इंजिनाला शाबासकी, ब्रेकला नाही

जुना लष्करी ट्रक घरी खोलून पुन्हा उभा करायचा म्हटलं की गप्पा मोठ्या टायरांपासून सुरू होतात. एम३५ए२ घेणाऱ्यांनी टायर सगळ्यात शेवटी ठेवावेत. हा अमेरिकन लष्कराचा अडीच टनी, म्हणजे अडीच टन माल वाहणारा ट्रक. टायर दहा, ताकद तिन्ही अ‍ॅक्सलना, रिकाम्या गाडीचं वजन सहा टनांच्या आसपास. मूळ एम३५ कोरियन युद्धाच्या सुमारास आला. त्या काळची विचारसरणी या ट्रकच्या प्रत्येक नटात दिसते, आणि ब्रेकमध्येही दिसते.

आधी कौतुक. सहा सिलिंडरचं ७.८ लिटरचं मल्टिफ्युएल इंजिन डिझेलवर चालतं, केरोसीनवर चालतं, विमानाच्या इंधनावरही चालतं. अडचणीत पेट्रोलसुद्धा पचवतं. वेगवेगळ्या इंधनांची घनता ओळखून पुरवठा कमीजास्त करणारा एक भाग पंपावरच बसवलेला असतो. जुन्या गाड्यांत तो हमखास गळतो. फक्त डिझेलच घालायचं असेल तर तो बायपास करतात, मीही केला. टर्बो पाहून हुरळून जाऊ नका, तो ताकदीपेक्षा काळा धूर कमी करायला बसवलेला आहे. जेमतेम १४० अश्वशक्ती, आणि रस्ता कितीही मोकळा असला तरी ताशी नव्वद किलोमीटरच्या पुढे काटा जात नाही. पण 'सी' प्रकारच्या इंजिनावरच्या टर्बोची शिट्टी ऐकली की हे सगळं माफ होतं.

घरी काम करणाऱ्याला हा ट्रक आवडतो त्याचं खरं कारण मॅन्युअल. लष्करानं ते पायऱ्यांनी लिहिलंय: चालकासाठी वेगळं, युनिटच्या मेकॅनिकसाठी वेगळं, मोठ्या वर्कशॉपसाठी वेगळं. मोकळेपणानं मिळतं. कुठला नट किती टॉर्कनं आवळायचा, कशानंतर काय उघडायचं, सगळं चित्रांसकट. माझी मुलगी घोडीवर चढवलेल्या गाडीशेजारी बसून वाचते, मी खाली पडून पाना फिरवतो. "बाबा, डावीकडचे आहेत ना, मग उलटे आटे," असं तिनं वेळेवर सांगितलं नसतं तर मी पाइप लावून चाकाचे नट आणखीच आवळत बसलो असतो.

आता ब्रेक. पॅडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून द्रवाचा दाब निघतो, तो एअर-पॅक नावाच्या जोर वाढवणाऱ्या भागाला जातो, तिथे कंप्रेसरची हवा त्याला जोर देते आणि तो वाढलेला दाब सगळ्या ड्रमांपर्यंत पोचतो. कल्पना चांगली आहे. गोम अशी की सगळा मामला एकाच सर्किटवर. कुठेही एक नळी फुटली की सगळ्या चाकांचे ब्रेक एकदम गेले. मग उरतो फक्त हँडब्रेक, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागच्या शाफ्टवरच्या ड्रमला पकडतो. म्हणून पहिला बदल दुहेरी सर्किटच्या मास्टर सिलिंडरचा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या लाइन वेगळ्या करा. नळ्या गंजल्या नसल्या तरी बदला. द्रव कुठला आहे ते आधी तपासा. अमेरिकन लष्करानं १९८०च्या दशकात सिलिकॉनचा डॉट ५ हा ब्रेकद्रव घातला, त्यात साध्या गाड्यांचा डॉट ३ मिसळून चालत नाही. ड्रम काढायचा तर हब, बेअरिंग सगळंच उतरतं. ते वजन एकट्यानं पेलू नये. आत ऑइल सील गळून लायनर (ड्रमला घासून गाडी थांबवणारे ब्रेकचे पट्टे) तेलात भिजलेले असण्याची तयारी ठेवा. भिजलेला लायनर पुसून परत लावणाऱ्याच्या गाडीत मी बसणार नाही.

दुसरा बदल स्टिअरिंगचा. पॉवर नाही, आणि उभ्या गाडीत चाक वळवणं म्हणजे व्यायामशाळा. हायड्रॉलिक मदत बसवली की ट्रक माणसात येतो.

वायरिंग २४ व्होल्टचं, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचा मोह टाळा, दोन्ही बॅटऱ्या असमान चार्ज होऊन मरतात. कन्व्हर्टर घ्या.

मागचा एक अ‍ॅक्सल काढून हौदा आखूड करायची फॅशन आहे. दिसतं झकास, वळतंही कमी जागेत. पण मागचे स्प्रिंगचे पाटे दोन अ‍ॅक्सलच्या ओझ्यासाठी घडवलेले. तेच ठेवले तर रिकामी गाडी खड्ड्यात उडते, आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी, कोन नव्यानं जुळवावे लागतात. मी तिन्ही अ‍ॅक्सल ठेवले. बारा फुटी हौदा कापायला हातच धजत नाही.

रिम रिंगवाल्या आहेत, म्हणजे टायर जागेवर धरायला कडेला सुटी लोखंडी रिंग बसते. हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवायचं. रिंग सुटली तर जवळ उभा माणूस वाचत नाही, एवढं लक्षात घेऊन टायरचं काम बाहेर द्यायला लाजू नका.

रंगाचंही सांगतो. १९८०च्या दशकानंतर पुन्हा रंगवलेल्या गाड्यांवर बहुधा रासायनिक हल्ल्याला टिकणारा लष्करी रंग असतो. तो कोरडा घासायचा नाही, त्यावर थेट वेल्डिंग करायचं नाही, धूळ आणि धूर दोन्ही घातक आहेत. वेल्डिंगच्या जागचा रंग आधी ओला घासून उतरवायचा आणि तोंडाला नीट फिल्टरचा मास्क. रुमाल चालणार नाही.