बिल्ला ५३० डीचा, इंजिन ५२० डीचं

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिल्यानंतर त्यांचे भाव कोसळले आणि एनओसी (आरटीओचा ना हरकत दाखला) काढून त्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. तसली जुनी बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज पुण्या-मुंबईत आणायचा तुमचा विचार असेल, तर आमच्या घरी काय घडलं ते वाचा.

भावाचं मन दोन गाड्यांत अडकलं होतं. डब्ल्यू २११ मॉडेलची मर्सिडीज ई २८० सीडीआय आणि ई ६० मॉडेलची बीएमडब्ल्यू ५३० डी. दिल्लीच्या डीलरने व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवला: मर्सिडीज १९० हॉर्सपॉवर, ४४० न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाची ओढ), बीएमडब्ल्यू २३५ आणि ५००. आकडे खरे होते. आम्ही ते दुसरीकडे ताडूनही पाहिले. बीएमडब्ल्यू ठरली, पैसे गेले. आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) एनओसीच्या कामासाठी आरटीओत आहे, मागाहून कुरिअरने येईल, असं डीलरने सांगितलं.

खंबाटकी घाटात गाडी चढेना. म्हणजे चढत होती, पण तीन लिटरच्या डिझेलची ओढ तिच्यात नव्हती. टर्बो गेला असेल म्हणून गॅरेजला नेली. मिस्त्रींनी इंजिनावरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि इंजेक्टर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, मोजले. चार! ५३० डीला सहा असतात. ही ५२० डी होती: १७७ हॉर्सपॉवर, ३५० न्यूटन मीटर. डिकीवरचा बिल्ला तेवढा बदलला होता. पुढे आरसी हाती आली, त्यावर १९९५ सीसी. ५३० डीची क्षमता २९९३ सीसी असते.

मला सगळ्यात जास्त चीड त्या तक्त्याची येते. त्यात एकही आकडा खोटा नव्हता. फक्त तो समोरच्या गाडीचा नव्हता. बाहेरून ५२० डी आणि ५३० डी सारख्याच दिसतात, आणि हा धंदा नेमका त्यावरच चालतो.

म्हणून आरसीवरची क्यूबिक कपॅसिटी (सीसी) आणि चासी नंबर स्वतः पाहिल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. कागद आरटीओत आहेत असं डीलर म्हणाला, तर ते येईपर्यंत थांबा. चासी नंबरवरून मूळ मॉडेल कळतं. या बीएमडब्ल्यूच्या चावीतही किलोमीटर नोंदलेले असतात, अधिकृत सर्व्हिस सेंटरला ते वाचता येतात. मीटर मागे फिरवला असेल तर तिथे तफावत दिसते. आणि परराज्यातल्या गाडीला महाराष्ट्रात पुन्हा रोड टॅक्स भरावा लागतो, तो किमतीत धरूनच सौदा करा.

डीलर आता फोन उचलत नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची असते. आम्ही पुण्यात तक्रार दाखल केली आहे. त्याने पाठवलेला तक्ता, '५३० डी' लिहिलेली पावती आणि १९९५ सीसीची आरसी असे तीनही कागद सोबत जोडले आहेत.