चार बाय सहाचं न्हाणीघर: दिवाळी ते श्रावण वापरल्यानंतर

चार फूट रुंद, सहा फूट लांब, म्हणजे २४ चौरस फूट. न्हाणी आणि संडास एकत्र असेल तर राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) किमान २.८ चौरस मीटर जागा धरते, साधारण ३० चौरस फूट. रुंदी १.२ मीटर हवी. आम्ही रुंदीत काठावर पास आणि क्षेत्रफळात नापास. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात याहून जास्त जागा काढणार कुठून? एका अंगाला शेजाऱ्यांची भिंत, मागे परसात बोअर, पुढे सोप्यातून (ओसरीतून) येणारा बोळ. गेल्या दिवाळीनंतर काम केलं. थंडी, गड्ड्याचे (सिद्धेश्वराच्या जत्रेचे) पाहुणे, एप्रिल-मेचा सोलापुरी उन्हाळा आणि आता पाऊस, सगळं यातून निघालं. घरात चार माणसं: सासूबाई, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी मुलगी. रोज घासते मी, म्हणून लिहितेही मीच.

आधी जागा खात कोण होतं ते बघा. दोनशे लिटरचं निळं पिंप कोपऱ्यात. त्याचा घेर धरून दोन बाय दोन फूट गेले. दार आत उघडणारं, फळी दोन फुटांची, म्हणजे ती फिरायला आणखी दोन बाय दोन. २४ पैकी ८ चौरस फूट, तिसरा हिस्सा, असाच गेलेला. कमोड कुठला, बेसिन किती छोटं याची चर्चा आम्ही महिनाभर करत होतो. मिस्त्री आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, पिंप आन् दार भायेर काढा आधी. मग आत काय बसतंय ते बघू." मिस्त्री शहराच्या पूर्व भागातले आहेत, घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. त्यांच्या या एका वाक्यावर सगळं काम उभं राहिलं.

पिंप काढणं सोलापुरात सोपं नाही, हे इथल्यांना सांगायला नको. उजनी धरणाचं पाणी आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांआड सुटतं. नळाच्या दिवशी जे भांडं दिसेल ते भरायचं, ही सवय. हौद होता, पण न्हाणीपर्यंत पाइप नव्हता, म्हणून पिंप. माळवदावर टाकी ठेवायचा प्रश्नच नाही. ५०० लिटरची टाकी म्हणजे पाण्याचंच अर्धा टन वजन आणि खाली जुनी लाकडं. मग परसात लोखंडी अँगलचं स्टँड केलं, त्याला चार काँक्रीटचे पाये. वर दोन टाक्या: ५०० लिटरची नळाच्या पाण्याला, ३०० ची बोअरला. अंघोळीला नळाचं, फ्लश आणि फरशी धुवायला बोअरचं. खर्चातला मोठा वाटा इथंच गेला, न्हाणीच्या बाहेर. छोट्या बाथरूमच्या खर्चाचा अंदाज विचारतात तेव्हा कोणी हा भाग धरतच नाही.

टाकी पांढरी घ्या. काळी आम्ही घेतली नाही, तरी मे महिन्यात दुपारी दोनला नळातून येणारं पाणी हात लावू देत नव्हतं. मग वर हिरवी जाळी ताणली आणि स्टँडपासून भिंतीपर्यंतच्या उघड्या पाइपला जाडसर फोमचं वेष्टण घातलं. बराच फरक पडला.

दाराचं. बाहेर उघडणारं केलं तर बोळातून जाणाऱ्याच्या नाकावर. पीव्हीसीचं घडीचं दार बघितलं, पण घडी झाल्यावर ते चौकटीतच सहा इंच दाबून बसतं. दोन फुटांच्या दारात उरतं काय? शेवटी बोळाच्या भिंतीवर वरून पट्टी लावून सरकतं दार केलं. आत एक इंचसुद्धा घेत नाही. दुसरा फायदा सासूबाईंमुळे सुचला: आत कोणी पडलं आणि दाराला टेकून राहिलं, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलताच येत नाही. सरकत्याला ती अडचण नाही. कडी अशी घेतली की बाहेरून नाण्यानं फिरवून उघडते. वाईट बाजूही सांगते. भिंत आणि दार यांच्यात बोटभर फट राहते आणि आतला आवाज सोप्यात ऐकू येतो. सोप्यात पाहुणे बसलेले असले की आतलं माणूस आधी नळ सोडतं. कडांना ब्रशची पट्टी लावून बघितली. वास अडतो, आवाज अडत नाही.

बेसिन आम्ही आत ठेवलंच नाही. बोळात, दाराशेजारी, त्यावर आरसा. सकाळी एकजण आत असताना दुसऱ्याचे दात घासून होतात. कोपऱ्यात बसणारं तिकोनी बेसिन दुकानात फार गोड दिसतं, पण त्यात तोंड धुताना पाणी कोपरावरून खाली येतं. बहिणीकडे आहे, अनुभव आहे.

आता कमोड. भिंतीवर टांगलेला घेतला की जागा वाचते असं सगळे सांगतात. टेप लावून मोजा. टांगलेल्या कमोडच्या मागे टाकी लपवायला सहा-सात इंचांची अर्धी भिंत लागते, कमोड पुढे १९-२० इंच येतो. बेरीज २६. पाठीला टाकी असलेला साधा कमोडही तेवढाच येतो. टाकी मूळ भिंतीत घुसवता आली तरच जागा वाचेल, आणि मातीत बांधलेली दगडी भिंत फोडायला आमचे मिस्त्री तयार नव्हते, ते बरोबरच होतं. तरी टांगलेलाच घेतला, कारणं वेगळी. खाली फरशी मोकळी राहते, झाडू-ब्रश सरळ आरपार जातो. उंची आपल्या मनाची ठेवता येते. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी बैठकीसकट १८ इंच ठेवली. मुलीचे पाय लोंबकळतात, तिला लाकडी पाट दिला. अर्ध्या भिंतीच्या माथ्यावर ग्रॅनाइटची पट्टी टाकली, तीच आमची फळी. आणि मैलापाइप परसाकडच्या विटांच्या भिंतीतून सरळ बाहेर निघतो, त्यामुळे फरशीची पातळी वर घ्यावी लागली नाही. कमोड पेलणारी लोखंडी चौकट मात्र जमिनीतल्या काँक्रीटला घट्ट बसवून घ्या, नुसत्या विटांच्या भरवशावर सोडू नका.

लपवलेल्या टाकीची भीती मलाही होती. बिघडली तर टाइल फोडायच्या का? नाही. बटणाची पाटी निघते आणि तिच्यामागच्या खिडकीतूनच आतलं सगळं बाहेर येतं. हे मला होळीच्या सुमारास नीट कळलं. टाकी भरायला फार वेळ लागायला लागला. बोअरच्या पाण्याचा क्षार, पाणी भरणाऱ्या झडपेची जाळी पांढरी खडखडीत झालेली. झडप काढून लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी मोकळी. तेव्हापासून दोन-तीन महिन्यांनी हे काम मीच करते. दोन बटणांचा फ्लश आहे, ३ आणि ६ लिटरचा, आणि पाणी मोजून वापरणाऱ्या घरात छोटं बटण खरंच उपयोगी पडतं.

शॉवरबद्दल दुकानदाराचं ऐकू नका. छतातून पावसासारखा पडणारा मोठा चौकोनी शॉवर आम्हाला गळ्यात घालायला बघत होता. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो: १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार म्हणजे दाबाचं माप). आमच्या टाकीचा तळ शॉवरच्या तोंडापेक्षा जेमतेम पाच फूट वर, म्हणजे दाब ०.१५ बार. त्यातून पाऊस कसला, थेंब पडतील. साधा हँड शॉवर घेतला, तो मुलगी वापरते. बाकी आम्ही बादली-तांब्यावाले. दाब वाढवायचा पंप बसतो, पण चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पाणी जोरात सोडायचं यंत्र घेणं मला तरी पटलं नाही.

गिझरही याच कारणासाठी साठवणीचा, १५ लिटर, २ किलोवॉट. झटपट तापवणाऱ्याला चालू व्हायलाच ठरावीक दाब लागतो. आडवा घेऊन दारावरच्या विटांच्या भिंतीवर बसवला. स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा सॉकेट बाहेर आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. इतक्या छोट्या खोलीत सगळंच ओलं होतं, यावर पैसे वाचवू नका. वापर तसा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तांब्याचा बंब परसातच आहे, दिवाळीच्या पहाटे तो पेटल्याशिवाय सासूबाईंची अंघोळ होत नाही.

जुन्या भिंतीनं एक गोष्ट मात्र फुकट दिली. शहाबादी फरशी आणि जुना गिलावा काढताना दगडी भिंतीत बुजवलेली देवळी सापडली, हातभर रुंद, फूटभर खोल. भिंत न फोडता कपाट मिळालं. आतून ग्रॅनाइट लावला, तळाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार, नाहीतर साबण पाण्यात बसतो. तेल, शिकेकाई, दाढीचं सामान सगळं त्यात. पण त्याच भिंतीत स्क्रू टिकत नाही. दगडांमधल्या मातीत प्लग नुसता फिरतो. भिंतीला दुमडणारी बैठक लावायची होती, ती रद्द झाली. तिच्याऐवजी विटांच्या कोपऱ्यात ग्रॅनाइटचा तिकोनी तुकडा खाचेत बसवला, सासूबाई त्यावर बसून अंघोळ करतात, खाली बादली सरकते. आधाराचा दांडाही विटांच्याच भिंतीला. जुन्या घरात काम काढणाऱ्यांनी कुठली भिंत कशाची आहे हे आधी ठोकून बघावं, मग नकाशा काढावा.

दगडी भिंतीवर गिलाव्याआधी कोंबडीजाळी ठोकली, तळापासून तीन फुटांपर्यंत वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. फरशी बसवण्याआधी न्हाणी ट्रॅप (सांडपाणी जायचं तोंड) बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. मिस्त्री कुरकुरले, पण मातीच्या भिंतीत ओल शिरली तर न्हाणीपुरतं थांबत नाही. पावसाळा निम्मा झाला, सोप्याच्या बाजूला अजून डाग नाही.

फरशीचा उतार दाराकडून कमोडकडे एकाच दिशेला, दर फुटाला पाव इंच, शेवटी भिंतीलगत लांबट जाळी. चारी बाजूंनी मध्ये उतार दिला असता तर टाइल तिरक्या कापाव्या लागल्या असत्या. उंबरा काढला, न्हाणी बोळापेक्षा अर्धा इंच खाली आणि मध्ये ग्रॅनाइटची गोल कडेची पट्टी. बादली जोरात उपडी केली तर पाणी बोळात येतं, एवढं धरून चालायचं. टाइल जमिनीला खरखरीत, भिंतीला फिकट. भिंतीच्या चकचकीत टाइलवर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके उठतात. लिंबूफुलाच्या पाण्यानं जातात. बाजारातलं ॲसिड नको. ते टाइलच्या फटीतलं सिमेंट खातं, नळाची चकाकी घालवतं आणि ब्लीचिंगशी मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. इतक्या कोंदट जागेत हा खेळ नको. खालच्या फटींना आम्ही सिमेंटऐवजी इपॉक्सी (राळेसारखं घट्ट होणारं मिश्रण) भरलं आहे, अजून काळं पडलेलं नाही.

टॉवेलांना जागा नाही, हे सोलापूरकरांनी हसू नये. आमचे जाडजूड टेरी टॉवेल आत दोन लटकले की खोली भरल्यासारखी दिसते. म्हणून ते परसातल्या तारेवर. उन्हाळ्यात तासात वाळतात, श्रावणात मात्र संध्याकाळीही दमट. सहा इंचांचा एक्झॉस्ट पंखा आहे, अंघोळीनंतर दहा मिनिटं चालू ठेवला की भिंती कोरड्या होतात.

गड्ड्याला गावाकडची मंडळी उतरली होती, घरात दहा-बारा माणसं. रांग लागली, पण न्हाणीत कोणी कशाला धडकलं नाही. आतेसासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, की पिंप कुठं गेलं.

खर्च टाकी-स्टँड धरून लाखाच्या थोडा वर. त्यात सगळ्यात महाग एकच वस्तू म्हणजे कमोडची लपवलेली टाकी आणि चौकट, आणि सरकत्या दाराची पट्टी अंदाजापेक्षा महाग पडली. ती स्वस्तातली घेऊ नका. हलक्या चाकांची दारं खडखडतात आणि पहाटे पाचला सगळं घर उठतं. आमच्या दाराच्या चाकांना मी महिन्याला सिलिकॉनचा स्प्रे मारते. खोबरेल तेल घालू नका, धूळ धरून चाकं जाम होतात.